मेटलंड की मुलिगन? आधी काट्याचा वजनकाटा आणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिजिओथेरपीची पदवी (बीपीटी) आणि इंटर्नशिप संपली, प्रॅक्टिस सोलापुरातच करायची आहे. मॅन्युअल थेरपीचा, म्हणजे हाताने सांधे तपासून हलवून उपचार करण्याचा, कोर्स मेटलंडच्या पद्धतीचा करावा की मुलिगनच्या? शनिवार-रविवारच्या वर्कशॉपचे पैसे वसूल होतात का? आणि सीनियर मंडळी नुसता हात लावून 'हा सांधा जाम आहे' म्हणतात, ते खरंच कळतं का? कळत असेल तर शिकायचं कसं?

शेवटच्या प्रश्नावर बाकीचे दोन अवलंबून आहेत, म्हणून आधी तो घेते.

सांध्याची एक हालचाल पेशंट स्वतः करतो: हात वर नेणं, मान वळवणं. दुसरी हालचाल त्याला स्वतःहून करता येत नाही. एका हाडाचं दुसऱ्यावर किंचित सरकणं, जरासं दूर होणं, ही ती ॲक्सेसरी हालचाल. पुस्तकात हे वाचलेलं असतंच, पण आत्ता करून बघा. डाव्या हाताची तर्जनी सरळ आणि सैल सोडा, उजव्या हाताने ती धरून मुळाच्या सांध्यात आडवी हलवा. आरामात हलते. आता तोच सांधा काटकोनात वाकवा आणि पुन्हा आडवी हलवून बघा. जवळजवळ हलतच नाही, कारण वाकवल्यावर बाजूचे लिगामेंट (हाडं जोडणारे पट्टे) ताणले जातात. सांधा कोणत्या स्थितीत ठेवून तपासता यावर हाताला काय लागणार हे ठरतं. तपासण्यातल्या निम्म्या चुका इथेच होतात. खांदा अंगाला चिकटवून ग्लाइड करायची (म्हणजे हाड सरकवून बघायचं) आणि 'सर, काहीच हलत नाही' म्हणायचं. हलणार कसं?

शिकलेल्या हाताला पाच गोष्टी कळतात. किती सरकलं, अडायला कुठून सुरुवात झाली, शेवटी कसं अडलं, दुखणं कुठल्या टप्प्यावर उठलं, आणि वाटेत स्नायूंनी धरलं का. मेटलंडची सगळी पद्धत या पाच गोष्टी नीट नोंदवण्यावर उभी आहे.

आणि कळत नाही काय? 'एल-फोर (कमरेचा चौथा मणका) डावीकडे फिरलाय', 'एसआय जॉइंट वर सरकलाय' हे कळत नाही, कोणी कितीही ठामपणे सांगो. एसआय सांधा, म्हणजे कण्याचं टोक कमरेच्या हाडाला जुळतं तो, हलतो तोच मुळात काही अंश आणि एखाद-दोन मिलिमीटर, तोही त्वचा, चरबी आणि जाड लिगामेंटच्या खाली. दोन अनुभवी थेरपिस्टना एकच पाठ तपासायला दिली, तर कोणता मणका कडक आहे यावर त्यांचं फारसं एकमत होत नाही. हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. कुठे दाबल्यावर दुखतं यावर मात्र त्यांचं बरंच जास्त जुळतं. म्हणून माझ्या क्लिनिकमधल्या ज्युनियरना मी केसपेपरवर 'एल-फाइव्ह हायपोमोबाइल' (पाचवा मणका कमी हलतो) एवढंच लिहू देत नाही. 'एल-फाइव्हच्या आसपास मधोमध दाबल्यावर नेहमीचं दुखणं उठतं, डाव्या ढुंगणापर्यंत जातं' असं लिहायचं. 'आसपास' मुद्दाम, कारण मणके मोजण्यात एखाद्याने चूक सहज होते. एसआयसाठीही हाड वर-खाली आहे का ते बघत बसण्यापेक्षा दुखणं उठवणाऱ्या चाचण्या करा. डिस्ट्रॅक्शन, थाय थ्रस्ट, कॉम्प्रेशन, सेक्रल थ्रस्ट यांतल्या तीन किंवा जास्त चाचण्यांत पेशंटचं ओळखीचं दुखणं उठलं, तर त्या सांध्यावरचा संशय बळावतो. एकट्या चाचणीवर विसंबू नका.

याचा बोलण्यावरही परिणाम व्हायला हवा. आपल्याकडे पेशंट येतानाच 'मणक्यात गॅप आलाय' किंवा 'गादी सरकलीय' म्हणत येतो. त्यात आपण 'मणका जागेवरून हललाय, बसवून देतो' अशी भर घातली की तो वाकायलाही घाबरतो, आणि दर महिन्याला 'बसवून' घ्यायला येतो. धंद्याला बरं असेल ते, उपचार नव्हे. तीच गोष्ट त्या कटकन आवाजाची. २०१५ मध्ये चालू एमआरआयमध्ये बोट ओढून पाहिलं, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. आवाज आला म्हणजे हाड बसलं, असं काही नाही. आवाज न होताही पेशंटला बरं वाटतं.

आता हात तयार कसा करायचा. माझा आग्रह एका स्वस्त वस्तूचा आहे: बाथरूममधला काट्याचा वजनकाटा. डिजिटल नको, त्याचा आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. काट्याला दाबाबरोबर हलताना बघता येतं. प्लिंथवर (पेशंट तपासायच्या पलंगावर) काटा ठेवा, वर आपल्या सोलापुरी टॉवेलची घडी. पाठीवर ठेवता तसा तळहाताचा करंगळीकडचा उंचवटा त्यावर ठेवा, कोपरं जवळजवळ सरळ, आणि दाब खांद्यातून नाही, धडाच्या पुढे झुकण्यातून येऊ द्या. जोडीदार म्हणेल 'पाच किलो'. डोळे मिटून दाबा, मग डोळे उघडून काटा बघा. पहिल्या दिवशी पाच म्हणता म्हणता बारा होतात. ते जमलं की चार आणि आठ किलोंच्या मधे दोलन द्यायचं, सेकंदाला दोन, अर्धा मिनिट, एकही दोलन नऊच्या वर न जाता. एवढंसं वाटतं, पण कपाळावर घाम येतो. मणक्यावर दिला जाणारा जोर थेरपिस्टगणिक प्रचंड बदलतो आणि असा आकडा समोर दिसत असला की तो फरक कमी होतो, हेही अभ्यासांत दिसलेलं आहे. फक्त हे एकदा करून सोडायचं नसतं. आमच्याकडे काटा प्लिंथखालीच असतो, दुपारी पेशंट नसले की काढायचा.

काट्यावर जोर कळतो, ऊती कळत नाही. त्यासाठी एकमेकांची शरीरं. आणि इथे कॉलेजात होते ती चूक करू नका. विशी-बाविशीतल्या मैत्रिणीच्या लवचिक पाठीवरच सगळा सराव करून उपयोग नाही. घरातल्या मोठ्यांच्या, परवानगी घेऊन, खांद्यांची आणि घोट्यांची हालचाल तपासा. आईचा गुडघा, काकांचा घोटा. साठीतला निरोगी सांधा हाताला कसा लागतो हे माहीत नसेल, तर साठीतला प्रत्येक सांधा आजारी वाटेल.

अंगठे सांभाळा. पाठीवर अंगठ्यांनीच दाबत राहणाऱ्या फिजिओंचे अंगठे दुखू लागतात; ही आपल्या धंद्यातली अगदी ठरलेली दुखापत आहे. प्लिंथची उंची कमी ठेवा, जिथे चालेल तिथे तळहाताचा उंचवटा वापरा, आणि अंगठा वापरायचाच तर तो ताणून मागे वाकू देऊ नका.

आता एक खांदा जवळून बघू, कारण मधुमेहींमध्ये फ्रोझन शोल्डर (आवळून जाम झालेला खांदा) जास्त होतो आणि तुमच्याकडे तो रोज येणार आहे.

समजा, यंत्रमागावर काम करणारे पन्नाशीतले गृहस्थ आहेत. साखर आहे. उजवा खांदा चार-पाच महिने दुखतोय, मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही. नवा फिजिओ काय करतो? शेक, अल्ट्रासाउंड, आयएफटी (विजेचा प्रवाह देणारं मशीन), आणि शेवटी हात धरून वर ओढणं. पेशंट ओरडतो, दुसऱ्या दिवशी खांदा जास्त धरतो, तिसऱ्या दिवशी येत नाही.

त्याऐवजी आधी रात्रीची झोप विचारा. झोपेत कूस बदलताना दुखून उठत असेल, सहज हलवलं तरी कळ बराच वेळ टिकत असेल, तर सांधा चिडलेला आहे. तिथे मेटलंडच्या चार पायऱ्यांपैकी ग्रेड एक आणि दोन: हालचाल आरामात आहे तेवढ्याच भागात, अडण्याच्या अलीकडे. दुखणं शेवटीच येतं आणि हात सोडल्यावर लगेच थांबतं, तर ताठरपणा मुख्य आहे. तिथे ग्रेड तीन आणि चार, म्हणजे अडण्याच्या आत शिरून. मोठं दोलन तीन, छोटं चार. दुखणं आणि ताठरपणा यांतलं पुढे कोण आहे हे न ठरवता ग्रेड निवडली, तर कोर्स कुठलाही केलेला असो, फुकट.

मग मोजमाप. पेशंट पाठीवर झोपलेला, कोपर काटकोनात, दंड अंगालगत, खांद्याच्या पातळीत यावा म्हणून दंडाखाली टॉवेलची घडी. हात बाहेर फिरवायचा आणि गोनिओमीटर (कोन मोजायची पट्टी) लावायचा. फ्रोझन शोल्डरमध्ये बाहेर फिरणं सगळ्यात जास्त अडतं, मग बाजूने उचलणं, मग आत फिरणं. हा क्रम लंडनच्या जेम्स सायरियॅक्स यांनी मांडलेला कॅप्सुलर पॅटर्न (कॅप्सूल म्हणजे सांध्याभोवतीची पिशवी). शेवटी हाताला जे लागतं ते ताणलेल्या जाड चामड्यासारखं, किंचित देणारं पण पक्कं. ते तसं न लागता पेशंट आधीच 'नको नको' म्हणाला आणि तुमच्या हाताला अडथळा लागलाच नाही, तर थांबा. अशा रिकाम्या एंड फीलमागे (हालचालीच्या शेवटी हाताला जे लागतं ते एंड फील) कधी कधी वेगळं आणि गंभीर काही असतं. बाहेर फिरणं व्यवस्थित आहे आणि हात फक्त वर जात नाही, तर तो फ्रोझन शोल्डर नव्हेच, टेंडनकडे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीकडे) बघा.

पहिला आकडा लिहिला, समजा वीस अंश. आता ग्लाइड. पुस्तकातला नियम सांगतो की गोल डोकं खोलगट खोबणीवर फिरतं, म्हणून बाहेर फिरताना डोकं पुढे सरकतं, म्हणून ग्लाइड पुढच्या दिशेने द्या. नॉर्वेच्या काल्टेनबॉर्न यांनी हा नियम शिकवणीत रुजवला, परीक्षेत तोच विचारतात. पण २००७ मध्ये फ्रोझन शोल्डरच्या पेशंटमध्ये पुढची आणि मागची ग्लाइड समोरासमोर ठेवून पाहिली, तेव्हा बाहेर फिरणं वाढलं ते मागच्या ग्लाइडने, आणि स्पष्ट फरकाने. आवळलेली कॅप्सूल डोक्याला नियमाप्रमाणे सरकू देत नाही. तेव्हा नियम परीक्षेपुरता पाठ ठेवा. प्लिंथवर मागची ग्लाइड करा, मग पुन्हा मोजा.

'पुन्हा मोजा' यातच सगळं शिक्षण आहे. दंड साधारण पन्नास-पंचावन्न अंश बाजूला, खांद्याच्या पात्याला आधार, थोडं ट्रॅक्शन (सांधा ओढून दूर करणं), मागे दोलन, अर्धा ते एक मिनिट. लगेच पुन्हा वीस अंश बघायचे. अठ्ठावीस झाले? दिशा बरोबर आहे, आणखी एक-दोन वेळा करा आणि आजचं थांबवा. बावीस? ती गोनिओमीटरची चूकही असू शकते. पाच अंशांच्या आतला फरक मी सुधारणा धरत नाही. काहीच नाही? दिशा, स्थिती किंवा ग्रेड, एकावेळी एकच बदला. तिन्ही एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मिळालेले अंश पेशंटने घरी वापरले नाहीत तर दोन दिवसांत परत जातात, म्हणून तीच दिशा टिकवणारा एकच व्यायाम द्या. आठ व्यायामांचा छापील कागद कोणी करत नाही.

हाताने नेमकं काय बदलतं? कॅप्सूल तीस सेकंदांत लांब होत नाही. लगेच मिळणारी सुधारणा बरीचशी मज्जासंस्थेमुळे असते: दुखणं कमी होतं, स्नायू सोडतो, पेशंटला हलवायचा धीर येतो. म्हणून तो वेळ लगेच हालचालीसाठी वापरायचा.

पद्धतींबद्दल आता पटकन सांगते. मेटलंड हे ॲडलेडचे. विचार करायची शिस्त आणि ग्रेडिंग त्यांच्याकडून घ्या. न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांनी १९८५ च्या सुमारास एका सुजलेल्या बोटावर बाजूची ग्लाइड धरून ठेवत पेशंटलाच बोट वाकवायला लावलं, आणि पुढची पद्धत त्यातून निघाली. थेरपिस्ट ग्लाइड धरतो, हालचाल पेशंट करतो, दुखता कामा नये, फरक तिथल्या तिथे दिसायला हवा. नाही दिसला तर सोडून द्या. मला ती घोट्यासाठी आणि कोपरासाठी फार आवडते. न्यूझीलंडचेच रॉबिन मॅकेंझी: १९५६ मध्ये त्यांचा पायात कळ असलेला एक पेशंट चुकून मागे वाकलेल्या स्थितीत बराच वेळ पालथा पडून राहिला आणि उठला तो बराच बरा होऊन. त्यांच्याकडून शिकायचं ते हे, की पुष्कळदा हात लावायची गरजच नसते. संक्रांतीच्या गड्ड्याआधी (सिद्धेश्वरांच्या यात्रेआधी) नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच जड काठ्या, पेलण्याचा सराव सुरू झाला की कंबरेत चमक भरलेली तरणी पोरं येतात. त्यांना आधी पालथं झोपवून कोपरांवर, मग तळहातांवर दहा-दहा वेळा उचलायला लावा. पायातही दुखत असेल आणि ते दुखणं कंबरेकडे सरकलं, तर तुमचा हात खिशात राहू द्या.

म्हणजे मेटलंड की मुलिगन? पहिला मेटलंडचा विचार, कोणाकडूनही. प्रॅक्टिस वर्षभर झाल्यावर मुलिगन. वर्कशॉपचे पैसे भरण्याआधी विचारा: एका शिक्षकामागे किती जण? खरा पेशंट समोर तपासून दाखवणार का, आणि शिक्षकाची पहिली पद्धत लागू पडली नाही तर पुढे काय ते दिसणार का? शेवटी तुमचा हात कोणी तपासणार का? शंभर जणांच्या हॉलमध्ये पडद्यावर बघायचं असेल तर ते मोबाइलवरही दिसतं. हजेरीचं सर्टिफिकेट आणि परीक्षा देऊन मिळालेलं सर्टिफिकेट यांत फरक आहे. पेशंटला तो कळत नाही, तुम्हाला कळायला हवा. घरची परिस्थिती जमत असेल तर मस्क्युलोस्केलेटलमधली (हाडं-स्नायूंमधली) एमपीटी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, सहा वर्कशॉपपेक्षा जास्त देते, कारण तिथे दोन वर्षं रोज कोणीतरी तुमच्या मागे उभं असतं.

काही ठिकाणी हात मागे घ्यायचा असतो, आणि हे कोर्सच्या पहिल्या तासाला शिकवायला हवं. पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरलेलं, रात्री दुखणं: आपल्या भागात मणक्याचा टीबी डोक्यात आलाच पाहिजे. एका मणक्यावर टिचकी मारल्यावर सणकन दुखलं तर मोबिलायझेशन (हाताने सांधा हलवणं) नाही, आधी डॉक्टर आणि फोटो. लघवी अडलेली किंवा कळेनाशी झालेली, बसायच्या जागी बधिरपणा: त्याच दिवशी सिव्हिलला किंवा स्पाइन सर्जनकडे, उद्या नाही. जुना आमवात (रुमॅटॉइड) असलेल्यांची मान वरच्या भागात ढिली असू शकते. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांची हाडं ठिसूळ असतात, आणि दम्यासाठी किंवा 'अंगदुखीच्या पुडी'तून स्टेरॉइड पोटात गेलं ते पेशंट स्वतःहून सांगत नाही, विचारावं लागतं. मान झटका देऊन मोडायचं तर सुरुवातीची काही वर्षं करूच नका. मानेच्या रक्तवाहिनीला इजा होणं दुर्मिळ आहे, पण झाली तर भरून निघत नाही, आणि हलक्या पद्धतींनी बहुतेकांचं काम भागतं.

सोलापूरबद्दल वेगळं सांगण्यासारखं एकच. इथे विडी वळणाऱ्या हजारो बायका आहेत. मांडीवर सूप, मान खाली, तेंदूची पानं कापणं, वळणं, दोरा बांधणं, दिवसभर. मानेचा खालचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि अंगठ्याच्या मुळाचा सांधा, तिन्ही दुखतात. त्यांच्या पाठीच्या वरच्या भागाला मोबिलायझेशन दिलं की मान बऱ्याचदा तिथल्या तिथे जास्त वळते. पहिल्याच दिवशी हे दाखवा, विश्वास बसतो. पण 'खाली बसू नका' सांगून पाठवू नका. हजारी (हजार विड्यांची मोजणी) भरली नाही तर मजुरी नाही. सुपाखाली उशी घेऊन ते उंच करता येतं, पाठ भिंतीला टेकता येते, विड्यांचा प्रत्येक कट्टा बांधून झाला की पाच वेळा मागे ताणता येतं. आणि अशोक चौक, अक्कलकोट रोडच्या बाजूला बसणार असाल तर 'कुठे दुखतं, आत्ता जास्त की कमी' एवढं तेलुगूत आणि कन्नडमध्ये विचारता आलं पाहिजे. दोलन देताना हा प्रश्न सतत विचारायचा असतो, आणि दर वेळी सुनेला मधे घेऊन तो विचारता येत नाही.

क्लिनिक टाकताना मशीनवर कर्ज काढू नका. उंची कमी-जास्त होणारा एक चांगला प्लिंथ, दोन गोनिओमीटर, काट्याचा वजनकाटा, आणि मुलिगनच्या पद्धतीसाठी पट्टा. पट्टा विकत महाग पडतो. गाडीच्या सीट बेल्टची पट्टी आणि पक्कं बक्कल आणून सीट कव्हर शिवणाऱ्याकडून दुहेरी शिलाई मारून घ्या. पेशंटच्या अंगाला लागतो तेवढ्या भागावर फोम शिवायला मात्र विसरू नका, नाहीतर पट्टी मांडीला काचते आणि पेशंटला सांध्याचं दुखणं कुठलं आणि पट्ट्याचं कुठलं ते सांगता येत नाही.